नेम अचूक, ओळख चुकीची

१ मे १९६० रोजी पेशावरच्या तळावरून उडालेले अमेरिकेचे 'यू-२' हे टेहळणी विमान सोव्हिएत संघराज्याच्या अंतर्भागात, स्वेर्दलोव्स्क शहराजवळ पाडले गेले. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली उतरला आणि पकडला गेला. हवामानाच्या निरीक्षणासाठी गेलेले विमान भरकटले, हा आधी केलेला खुलासा अमेरिकेला मागे घ्यावा लागला आणि पॅरिसची शिखर परिषद उधळली गेली. हा राजकीय इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच दिवसाची दुसरी हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. सोव्हिएत तुकड्यांनी त्या दिवशी डागलेल्या क्षेपणास्त्रांपैकी एकाने सोव्हिएत हवाई दलाचेच 'मिग-१९' विमान पाडले आणि त्याचा वैमानिक सर्गेई साफ्रोनोव्ह मृत्युमुखी पडला. सुमारे सत्तर हजार फुटांवरील शत्रूला गाठणाऱ्या यंत्रणेला त्याहून खाली उडणारा स्वकीय ओळखता आला नाही. जमिनीवरून आकाशात मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांचे सामर्थ्य आणि त्यांचे वैगुण्य ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच आकाशात प्रकट झाली.

भारतातील वाचकाला हा विषय आता परका राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाबरोबर 'एस-४००' यंत्रणेच्या पाच तुकड्यांचा करार झाला आणि डिसेंबर २०२१ पासून त्या येऊ लागल्या. देशात घडविलेले 'आकाश' हे क्षेपणास्त्र २०१५ मध्ये सैन्यदलांत रीतसर दाखल झाले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या चार दिवसांच्या संघर्षात या यंत्रणांचा प्रत्यक्ष वापर झाला, आणि तेव्हापासून 'चारशे किलोमीटरचा पल्ला' हे शब्द शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येऊ लागले. सामर्थ्याविषयी वाटणारा अभिमान समजण्याजोगा आहे. परंतु ही अस्त्रे आपले लक्ष्य शोधतात कशी, आणि ते लक्ष्य कोणते हे ठरवितो कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक नाहीत त्याचा अभिमान केवळ आकड्यांवर उभा राहतो.

गोळ्याला नसलेली बुद्धी

दुसऱ्या महायुद्धात विमानांशी सामना करण्याचे मुख्य साधन म्हणजे विमानवेधी तोफा. तोफेतून सुटलेल्या गोळ्याचा मार्ग सुटल्या क्षणीच ठरून जातो. त्याला वर पोहोचायला वीस सेकंद लागले, तर ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्यात अडीच किलोमीटर पुढे गेलेले असते. ते कोठे असेल याचा अंदाज बांधून गोळा सोडायचा आणि वैमानिकाने मध्येच किंचित वळण घेतले की तो वाया गेलेला पाहायचा! एकेका विमानामागे हजारो गोळे खर्ची पडत ते यामुळेच.

यावर उपाय एकच होता. अस्त्र सुटल्यानंतरही त्याला दिशा बदलता आली पाहिजे. जर्मनांनी युद्धाच्या अखेरीस 'वासरफाल' नावाचा असा अग्निबाण बांधावयास घेतला होता, पण तो वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेने 'नाइके-एजॅक्स' क्षेपणास्त्रे तैनात केली, आणि त्याच सुमारास सोव्हिएत संघराज्याने मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रांची तटबंदी उभारली. अस्त्राला वाट दाखविण्याच्या ज्या पद्धती तेव्हापासून घडत गेल्या, त्यांची तत्त्वे शाळेतील भूमिती आणि पदार्थविज्ञान यांच्या आधारे समजू शकतील अशी आहेत.

वाट दाखविण्याच्या तऱ्हा

पहिली पद्धत आज्ञेची. 'यू-२' पाडणारे 'एस-७५' याच पद्धतीचे होते. जमिनीवरील रडार विमान आणि क्षेपणास्त्र या दोघांवरही नजर ठेवते. दोघांच्या स्थानांतील फरकावरून गणकयंत्र योग्य दिशा काढते. आणि ती रेडिओ संदेशाने क्षेपणास्त्राला कळविली जाते. क्षेपणास्त्र स्वतः काहीच पाहत नाही, ते केवळ ऐकते. रडार, क्षेपणास्त्र आणि विमान हे तीन बिंदू सदैव एकाच सरळ रेषेत ठेवावयाचे, हा यातील सर्वांत सोपा नियम. दहा मीटरहून अधिक लांबीचे आणि ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाचे हे क्षेपणास्त्र विमानावर प्रत्यक्ष आदळण्याचीही गरज नसे. ते जवळ पोहोचताच सुमारे दोनशे किलो वजनाच्या स्फोटकाग्राचा स्फोट होई आणि त्याच्या उडालेल्या तुकड्यांनी काम भागे.

या पद्धतीची मर्यादा त्रिकोणाच्या गणितात दडलेली आहे. तीस किलोमीटर अंतरावर कोनामध्ये अंशाच्या एक दशांशाची चूक म्हणजे जागेवर पन्नास मीटरची चूक. अंतर वाढेल तशी ती वाढणार. शिवाय रडारच्या लहरींमध्ये गोंगाट मिसळून त्याला आंधळे करता येते. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने नेमके तेच केले. तरीही डिसेंबर १९७२ मधील हनोई-हायफाँगवरील बॉम्बहल्ल्यांत पंधरा 'बी-५२' विमाने या क्षेपणास्त्रांनी तिच्याकडून हिरावून घेतली. भारताच्या दृष्टीनेही 'एस-७५' महत्त्वाचे ठरले. १९७० च्या दशकात हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने त्याची अंगोपांगे सुटी करून त्याचे तंत्र आत्मसात करण्याचा प्रकल्प हाती घेतला. तसे क्षेपणास्त्र सैन्याच्या हाती कधी आले नाही, पण त्यातून मिळालेली विद्या वाया गेली नाही. १९८३ मध्ये अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात ती 'पृथ्वी'च्या इंजिनासाठी उपयोगी पडली. त्याच कार्यक्रमातील 'आकाश'ही आज्ञेच्याच तत्त्वावर चालते. त्याच्यामागचे रडार मात्र एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवू शकते.

दुसरी पद्धत प्रकाशझोताची. अंधाऱ्या रात्री एकाने विजेरीचा झोत चोरावर धरावा आणि दुसऱ्याने त्या उजेडाच्या आधारे त्याच्यामागे धावावे, असा हा प्रकार. जमिनीवरील रडार विमानावर लहरींचा झोत धरते आणि क्षेपणास्त्राच्या नाकातील ग्राहक विमानावरून परतणाऱ्या लहरींचा माग काढतो. जसजसे जवळ जावे तसतसे चित्र स्पष्ट होत जाते, हा तिचा मोठा फायदा. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात इजिप्त आणि सीरिया यांनी वापरलेले 'कूब' क्षेपणास्त्र या जातीचे होते. त्याचा झोत ज्या प्रकारच्या लहरींचा होता, त्यांची चाहूल देणारे साधन इस्रायली विमानांत नव्हते. त्या युद्धात इस्रायलने सुमारे शंभर विमाने गमावली आणि त्यांत जमिनीवरील अस्त्रांचा वाटा फार मोठा होता.

परंतु जो विजेरी पेटवतो तो स्वतःही दिसतो. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने आधी वैमानिकरहित विमाने पुढे धाडली, सीरियाच्या तुकड्यांना आपली रडारे चालू करावयास लावले, आणि मग त्या लहरींचाच माग काढून बहुतेक सर्व तुकड्या नष्ट केल्या. नऊ वर्षांत पारडे पूर्णपणे फिरले.

तिसरी पद्धत उष्णतेची. विमानाच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंचे अवरक्त किरण हेरून त्यांच्यामागे जाणारी ही अस्त्रे खांद्यावरून डागण्याइतकी लहान असू शकतात. त्यांना रडार लागत नाही. म्हणून आपल्यावर नेम धरला गेल्याचे वैमानिकाला कळतही नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये अफगाणिस्तानात जलालाबादजवळ मुजाहिदीनांनी अमेरिकन 'स्टिंगर' क्षेपणास्त्रांनी सोव्हिएत हेलिकॉप्टरे पाडली, तेव्हा या छोट्या अस्त्राचा दबदबा जगभर पसरला. जळते गोळे मागे सोडून त्याला फसविता येते. पण नव्या पिढीतील अस्त्रे इंजिन आणि जळता गोळा यांत भेद करू लागली आहेत.

लांब पल्ल्याची आजची क्षेपणास्त्रे या पद्धतींचा संगम करतात. वाटेतील बहुतेक अंतर ती स्वतःच्या गतिमापक साधनांच्या आणि जमिनीवरून येणाऱ्या सूचनांच्या आधारे कापतात. अखेरच्या टप्प्यात नाकातील स्वतःचे रडार पेटवतात. पाठलागाचे तत्त्व मात्र तेच राहते. सीमारेषेकडे जाणारा चेंडू अडवू पाहणारा क्षेत्ररक्षक चेंडू आहे तेथे धावत नाही, तो असेल तेथे धावतो. समुद्रावर दुसरे जहाज जर सतत एकाच कोनात दिसत असेल आणि जवळ येत असेल तर टक्कर अटळ आहे, हे खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खलाशी तो कोन बदलण्याची धडपड करतो. क्षेपणास्त्र तो कायम राखण्याची.

आकड्यांमागची मेख

येथे पल्ल्याच्या आकड्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दहा मीटर उंचीवर बसविलेल्या रडारला शंभर मीटर उंचीवरून येणारे विमान सुमारे पन्नास किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसूच शकत नाही. मग क्षेपणास्त्राचा पल्ला चारशे किलोमीटरचा असो की आणखी मोठा. चारशेचा आकडा उंचावरून उडणाऱ्या मोठ्या लक्ष्यांसाठी खरा असतो. खालून येणाऱ्यांसाठी उंच मनोरे, हवेत फिरणारी रडार-विमाने आणि लहान पल्ल्याची इतर अस्त्रे यांचे जाळे लागते. एकटे क्षेपणास्त्र कितीही मोठे असले तरी आकाश राखू शकत नाही.

गणकयंत्राच्या अचूकतेविषयीही असाच भ्रम असतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे 'स्कड' क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर कोसळले आणि २८ जण ठार झाले. संरक्षणासाठी तेथे 'पेट्रियट'ची तुकडी सज्ज होती, पण तिने एकही क्षेपणास्त्र डागले नाही. कारण काय, तर एक दशांश सेकंद! यंत्राचे घड्याळ दशांश सेकंदांनी मोजत असे. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेल्यास तीनाचा आकडा जसा संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. तो कोठेतरी छाटावा लागतो. छाटलेला अंश सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही लहान होता. पण यंत्र शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू राहिल्याने त्याची बेरीज एक तृतीयांश सेकंद झाली, आणि तेवढ्या वेळात 'स्कड' अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. यंत्र आकाशात भलतीकडेच पाहत राहिले.

दोष अगोदर लक्षात आला होता. यंत्र फार वेळ सतत चालवू नये असा संदेशही चार दिवस आधी धाडला गेला होता. परंतु 'फार वेळ' म्हणजे किती, हे त्यात नमूद नव्हते. सुधारित आज्ञावली धाहरानला पोहोचली ती २६ फेब्रुवारीला. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. मोघम परिपत्रक आणि एक दिवसाचा उशीर यांची किंमत येथे माणसांच्या प्राणांनी मोजली गेली.

श्रावणबाळाची गोष्ट

तथापि या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्न याहून वेगळा आहे. रामायणात दशरथाच्या शब्दवेधी बाणाची कथा आहे. रात्रीच्या अंधारात शरयूच्या काठी घडा बुडाल्याचा आवाज आला. हत्ती पाणी पितो आहे असे समजून राजाने बाण सोडला आणि तो आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी नेणाऱ्या श्रावणबाळाला लागला. बाणाचा नेम चुकला नव्हता. आवाज जेथून आला तेथेच तो गेला. चुकली ती ओळख. आधुनिक क्षेपणास्त्र हे शब्दवेधी बाणाचेच वंशज आहे. लहर कोठून येते हे त्याला विलक्षण बिनचूक कळते. ती कोणाची आहे हे त्याला कळत नाही.

३ जुलै १९८८ रोजी इराणी आखातात अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान दोन क्षेपणास्त्रे डागून पाडले. बंदर अब्बासहून दुबईस निघालेल्या त्या विमानातील २९० जण मरण पावले. त्यांत ६६ मुले होती. युद्धनौकेवरील यंत्रणा त्या काळातील सर्वांत प्रगत होती, आणि तिच्या नोंदींत विमान वर चढत असल्याचे स्पष्ट होते. पण इराणी नौकांशी चकमक चालू असताना, काही मिनिटांत निर्णय घ्यावयाच्या दडपणाखाली, नियंत्रण कक्षातील माणसांना ते खाली झेपावणारे लढाऊ विमान वाटले. यंत्राने सत्य सांगितले. माणसांनी भीतीला जे अपेक्षित होते तेच ऐकले.

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशिया एअरलाइन्सचे विमान 'बूक' क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जणांचा बळी गेला. 'बूक'च्या पूर्ण तुकडीत दूरवर पाहणारे रडार आणि आज्ञाकेंद्र असते. पण तिची डागणारी गाडी एकटीही मारा करू शकते. एकट्या गाडीला लक्ष्य दिसते, भोवतालचे आकाश दिसत नाही. त्या दिवशी त्या भागातील आकाश नागरी विमानांना ३२ हजार फुटांपर्यंतच बंद होते. विमान ३३ हजार फुटांवर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरविले.

८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्या 'तोर' क्षेपणास्त्रांना बळी पडले. १७६ जण गेले. जागा बदलल्यानंतर यंत्राची उत्तर दिशा नीट जुळविली गेली नव्हती आणि त्यात १०७ अंशांचा फरक राहिला होता, असे इराणच्या नागरी विमान संघटनेने नंतर सांगितले. विमानतळावरून दूर जाणारे विमान त्या यंत्राला भलत्याच दिशेने येणारे भासले. काही तास आधी इराणने इराकमधील अमेरिकन तळांवर क्षेपणास्त्रे डागली होती आणि प्रत्युत्तराची धास्ती होती. तरीही नागरी उड्डाणे थांबविली गेली नव्हती.

भारतही या दुर्दैवी मालिकेबाहेर नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, सीमेवर हवाई चकमक चालू असताना, काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे 'एमआय-१७' हेलिकॉप्टर कोसळले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्यू पावले. चौकशीअंती ते आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेल्याचे निष्पन्न झाले, आणि ही मोठी चूक असल्याची कबुली हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिली.

मौनाचा अर्थ

ओळख पटविण्याची साधने दुसऱ्या महायुद्धापासून आहेत. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न विचारला जातो आणि विमानातील यंत्र त्याला सांकेतिक उत्तर देते. योग्य उत्तर आले तर विमान आपले, हे निश्चित. पण उत्तर आले नाही म्हणून ते शत्रूचे, असे म्हणता येत नाही. यंत्र बिघडलेले असेल, बंद ठेवलेले असेल, किंवा ज्याला तो संकेत ठाऊक असण्याचे कारणच नाही असे ते प्रवासी विमान असेल. तर्कशास्त्राचा हा साधा धडा शांत वर्गात प्रत्येकाला कळतो. शत्रू दारात उभा असताना, हाती वीस-तीस सेकंद असताना, तो विसरला जातो. मौनाचा अर्थ शत्रुत्व असा लावला जातो.

म्हणूनच हवाई संरक्षणाची खरी कसोटी क्षेपणास्त्राच्या पल्ल्यात नसून त्यामागच्या व्यवस्थेत आहे. एकटी गाडी, एकटे रडार आणि घाबरलेला माणूस हा योग सर्वांत घातक. सर्व रडारांचे चित्र एकत्र आणणारी, नागरी उड्डाणांचे वेळापत्रक समोर ठेवणारी आणि डागण्याचा अधिकार कोणाचा हे आधीच निश्चित करणारी यंत्रणा हा त्यावरील उपाय. भारतीय हवाई दल आणि सेना यांनी अशी जाळी उभारली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीस बंद ठेवण्यात आले, तेव्हा प्रवाशांची गैरसोय झाली. परंतु युक्रेन आणि तेहरान येथे जे घडले ते पाहता, रिकामे आकाश हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे संरक्षण आहे, याविषयी शंका उरू नये.

अस्त्रे दिवसेंदिवस अधिक स्वतंत्र होत जाणार आणि माणसाच्या हातातील सेकंद कमी होत जाणार. वेगाच्या नावाखाली ओळखीचा निर्णयही यंत्राच्या स्वाधीन करावा, असा आग्रह उद्या धरला जाईल. त्या वेळी धाहरानच्या घड्याळाचा आणि 'व्हिन्सेन्स'वरील नोंदींचा एकत्र विचार करावा लागेल. पहिल्या प्रसंगी यंत्र चुकले आणि दुसऱ्या प्रसंगी माणूस. तेव्हा एकाने दुसऱ्याला तपासणे एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो. त्यासाठी लागणारी शिस्त, सराव आणि चूक झाल्यास ती उघडपणे मान्य करण्याची रीत कोणत्याही कराराने परदेशातून विकत मिळत नाही. ती देशाला स्वतःच घडवावी लागते.